शुभाताईचा बॉट

ऑफिसचे किस्से कसे साठत जातात ते कळतच नाही. लोअर परळच्या आमच्या ऑफिसचे तर माझ्याकडे ढीगभर आहेत, आणि आता सांगायला वेळच वेळ आहे.

*

डबा खाऊन झाला की आयटीतला तांबे सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक जुना शूटिंग गेम लावायचा. मॅनेजरसकट आठ जण, वीस मिनिटं. मी सत्तेचाळीस वर्षांची, हातात घेतलेली बंदूक फक्त दिवाळीतल्या टिकल्यांची. पहिला आठवडा जिन्यामागे लपून काढला. शेवटी बिलिंगमधली मनाली ओरडली, "शुभाताई, खोली घेतलीय काय तिकडे? बाहेर या!"

बाहेर आले आणि मेले. सलग अकरा वेळा!

*

मग शिवडीच्या परबांनी शिकवलं. ते आमच्यात सगळ्यात सिनियर. "धावत ऱ्हव गो! नेम मगे!"

धावत सुटले. उडी, गोळी, वळण, परत उडी. त्या दिवशी पहिल्यांदा मॅनेजरला उडवलं. इतकं बरं वाटलं की घरी जाऊन शिरा केला. मुलीने विचारलं, "इन्क्रिमेंट मिळालं?"

"नाही गं, मॅनेजरला मारलं!"

*

तांबेचा एक नियम होता. कोणी रजेवर असला की त्याच्या नावाचा बॉट खेळणार, म्हणजे कॉम्प्युटरच त्याच्या जागी खेळणार. मनालीच्या लग्नात तिचा बॉट तिच्यापेक्षा भारी खेळला. आम्ही तिला हळदीलाच मेसेज टाकला, "परत येऊच नकोस!"

ती परत आली आणि महिन्याभरात तिला काढलं. तो मेसेज आठवला की माझी मलाच चीड येते.

*

पुढे परबांना काढलं. एचआरने बोलावण्याआधीच त्यांचं लॉगिन बंद! बंद करायच्या नावांची यादी तांबेकडे आदल्या दिवशी यायची, पण त्याने तोंड उघडायचं नाही, अशी ऑर्डर. सामान भरताना परब त्याला म्हणाले, "काल बोलला असतास तर शेवटचा गेम तरी मन लावून खेळलो असतो, मेल्या."

तांबे त्यांचा कीबोर्ड उचलून घेऊन गेला. मला त्याचा भयंकर राग आला होता.

*

होता होता खेळायला मी आणि तांबे दोघंच उरलो, बाकी सहा बॉट. रोज दुपारी परबांना मारायचं, मनालीला मारायचं. नको व्हायचं, तरी खेळायचे. तेवढी वीस मिनिटं नोकरीची धास्ती वाटायची नाही.

एका सोमवारी डबा संपवून गेम उघडला. स्क्रीनवर सहाच्या जागी सात बॉट. सातव्याचं नाव, शुभाताई.

"तांबे, अरे मी रजेवर नाहीये!"

त्याने मान वळवली नाही.

"खेळा ताई," तो म्हणाला. "आज मन लावून खेळा."