खाऱ्या बांगड्याचं पाणी

माझा धाकटा जन्मला तेव्हा त्याच्या बहिणीनं त्याला पहिले आठ दिवस हात लावला नाही. पाच वर्षांची पोर, इतके महिने माझ्या पोटाला कान लावून बसायची, आणि बाळ घरी आलं तशी दाराच्या चौकटीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे धरून उभी. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "रुसलीय हो ही, आता लाडात वाटेकरी आला ना!" मीही तेच धरून बसले होते. रुसवा-बिसवा काही नव्हता. कारण मी होते, आणि ते सगळं आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांपाशी घडलं होतं.

कुंड्या आपल्या म्हणायच्या. मासळीबाजारातून आणलेला थर्माकोलचा एक खोका, रंगाचे दोन डबे आणि आडवा कापलेला तेलाचा कॅन. आमची इमारत पळस्पे फाट्याच्या अलीकडे, त्यामुळे हायवेची धूळ दिवसभर आत येते. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि ओल्या रुमालानं एकेक पान पुसत बसायची. टोमॅटो चिरताना बाजूला पडलेल्या बिया तिनं स्वतःच रंगाच्या डब्यात खोचल्या होत्या. सातातल्या पाच उगवल्या. मी म्हटलं, दोनच ठेवू, बाकीची काढून टाकू, एका डब्यात एवढी मावत नाहीत. तर डब्याला मिठी मारून बसली!

तिचं सगळं ठरलेलं होतं. बाळ येईपर्यंत टोमॅटो लागणार आणि पहिला टोमॅटो बाळाचा.

"अगं, त्याला दात नसतील," मी म्हटलं.

"मग मी चावून देईन."

आता माझ्याबद्दल सांगते. माझा आवाज मुळातच मोठा. करंजाच्या बंदरावर वाढले मी, तिथे मासळीच्या लिलावात हळू बोलणाऱ्या बाईकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यात दुसऱ्यांदा दिवस गेलेले, पाय सुजलेले, आणि ही पोर दिवसातून तीनदा पाण्याचा मग घेऊन कुंड्या भरायची. खालून चिखलाचे ओघळ थेट हॉलमध्ये. मी रोज ओरडायचे. रोज ओरडलं की त्याचं कोणाला काही वाटत नाही. तीही "हो मम्मी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मग हातात.

सातव्या महिन्यात मला डोहाळे लागले ते खाऱ्या बांगड्याचे. लोकांना चिंचा-आवळे आठवतात, मला खारा बांगडा! आईनं कळल्याबरोबर कागदात बांधून पुडकंच पाठवलं. एक दिवसाआड दोन बांगडे तुकडे करून पाण्यात घालायचे, तासाभरानं मीठ उतरलं की तव्यावर टाकायचे. राहिलेलं पाणी मी कुंड्यांना घालायला लागले. आमच्याकडे मासळी धुतली की आई पातेलं उचलून परसात जायची आणि ते पाणी मिरच्यांच्या मुळाशी ओतायची. आमच्या मिरच्या बघायला शेजारच्या बायका यायच्या. म्हटलं, पोर शाळेत असताना गुपचूप घालावं, झाडं तरारली की कशी नाचेल बघू. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

दोन आठवड्यांत टोमॅटोच्या पानांच्या कडा करपल्या. मग पानं वळली. मग एका सकाळी पाचही रोपं माना टाकून पडलेली. दुसऱ्या डब्यातल्या मिरचीचंही तेच. मी गॅलरीत गेले तर लेक मग घेऊन उभी, डब्यात पाणी तुंबलेलं, आणि एका रोपाला दोन बोटांनी धरून ती उभं करत होती. माझं डोकंच फिरलं.

"किती वेळा सांगितलं, सारखा हात लावू नकोस म्हणून! मारलीस ना सगळी? तुझ्या हाताला गुणच नाही. हात लावशील ते मरेल!"

ती रडली नाही. हातातला मग खाली ठेवला, फ्रॉकला हात पुसले आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले. आमच्या घरात बोललेलं कोणी इतकं मनावर घेत नाही, असा माझा समज.

त्यानंतर तिनं कुंड्यांकडे पाहिलं नाही. हॉलमध्ये चिखल येईना. शेजारच्या काकूंनी तुळशीला पाणी घालायला बोलावलं तर "मला नको" म्हणून परत आली. आणि मी काय म्हणावं? नवऱ्याला म्हटलं, "चला, पोर शहाणी झाली एकदाची." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाळ झालं. आई करंजाहून राहायला आली. आठव्या दिवशी ती गॅलरीत दुपटी वाळत घालत होती, तिथूनच तिनं हाक मारली, "यांना काय वतलंस गो?" सुकलेल्या मातीवर पांढरा थर आला होता. आईनं बोटानं माती उचलून जिभेला लावली आणि थुंकली. "मीठ हाय हे नुसता!"

मी बांगड्याच्या पाण्याचं सांगितलं. आई हसतच सुटली. "ताज्या मासळीचा पानी झाडाला घालतान गो. खाऱ्याचा मी गटारान वतायची. तू कदी बघलंस नाय?"

नव्हतं बघितलं. मी शिकले, नोकरीला लागले, पनवेलला आले. आईच्या हातातलं पातेलं तेवढं डोक्यात राहिलं, त्यातलं पाणी कसलं ते कधी विचारलंच नाही. आम्ही दोघी खूप हसलो. माती बदलू, नवीन रोपं आणू, एवढ्यावर तो विषय मी संपवलाही. त्या पोरीला मी काय बोलले होते, ते तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

नवव्या दिवशी आई बाळाला न्हाऊ घालून, गुंडाळून माझ्या मांडीवर देऊन बसली होती. लेक दारात, हात मागे. मला वाटलं, पुरे झालं आता हे नाटक. मी तिला ओढून जवळ घेतलं, तिचा हात धरला आणि बाळाच्या डोक्यावर ठेवायला गेले.

ती किंचाळली. हात सोडवायला माझ्या मनगटाला चावली. "नको मम्मी! मरेल तो!"

मी तिचा हात सोडला. आई काहीच न कळून आमच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अगं नाही गं बाय, तसं काही नसतं. मी रागात बोलले होते."

"पण झाडं मेली ना?"

झाडं मेलीच होती. चूक कबूल करायची म्हटलं की माझी जीभ जड होते, नवऱ्याला विचारा. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे हात पुन्हा पाठीमागे गेले होते.

"झाडं मी मारली," मी म्हटलं. "तू शाळेत असताना मी त्यांना खाऱ्या बांगड्याचं पाणी घालायचे. मिठानं मेली ती. तुझ्या हातानं नाही."

"मुद्दाम?"

"नाही गं. मला माहीतच नव्हतं."

तिनं आजीकडे बघितलं. आजीनं मान डोलावली.

"मग तुला कोण ओरडलं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

ती हळूच पलंगावर चढली. पाठीमागचा एक हात पुढे आणला, एक बोट बाळाच्या टाचेला लावलं आणि लगेच काढून घेतलं. मग आम्ही दोघी त्याच्याकडे बघत, काय होतंय त्याची वाट बघत बसलो.