एका दमाची शंभर पावलं

गणपतमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धाराशिवच्या शाळेत वर्गावर होतो. येडशीचा सदा गाडीवान दारात उभा राहिला, डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि म्हणाला, "मास्तर, मामा सकाळी बाजेवर बसल्या बसल्या गेले." बसल्या बसल्या... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चालता चालता नाही गेले. त्याला आता पाच आठवडे झाले. लिहायला बसतो आणि दोन ओळींतच थकायला होतं. पण मला लिहिता येतं ते त्यांच्यामुळं, म्हणून लिहायला हवं.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. निजामाच्या मोजणी खात्यात ते जरीब ओढायचे. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. ती खांद्यावर घेऊन त्यांनी येडशीपासून नळदुर्गापर्यंतचे बालाघाटाचे डोंगर सगळे पायाखाली घातले होते. त्यांना स्वतःला सहीपुरती उर्दू यायची. आमच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून शाळेत बसवलं. पुढं कॉलेजसाठी हैदराबादला निघालो तेव्हा स्टेशनवर एवढंच म्हणाले, "बाळू, न कळलेलं कळलं म्हनू नगंस. आमच्यात न मोजलेलं मोजलं म्हनत न्हाईत."

मी पदवी घेऊन परतलो त्याच साली मामांच्या छातीत कळ आली. बैलगाडीतून, मग रेल्वेनं सोलापूरला नेलं. जगतील अशी आशा आम्ही सोडली होती. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, "एका दमात शंभर पावलं. त्याहून जास्त नाही." त्यांना म्हणायचं होतं, बाजेपासून अंगणापर्यंत. मामांनी मात्र शब्द जसाच्या तसा धरला. दोन महिने मुकाट अंगणात फिरले आणि एके दिवशी मामींना म्हणाले, "एका दमात शंभर म्हनला डागदर. दम किती घ्यायचे ते कुठं म्हनला?"

"गप पडा आता," मामी कडाडल्या. "आर्धं आयुष्य डोंगरात घातलं. डोंगर काय पळून चाललेत?"

"डोंगर न्हाय पळत. म्याच चाललोय. साखळी खांद्यावर नसताना एकदा चालू दे. येडशी ते नळदुर्ग."

मामींनी मला बोलावून घेतलं. एकट्याला सोडू नकोस, एवढंच त्यांचं मागणं होतं. मग महिन्या-दीड महिन्यातून एका रविवारी आम्ही निघायचो. शंभर पावलं झाली की मामा दगडावर टेकायचे, छातीवर हात ठेवून श्वास खाली बसू द्यायचे आणि पुन्हा उठायचे. त्या शंभर पावलांना ते 'एक दम' म्हणत. रामलिंगाच्या सागवानातून, पळसातून, करवंदीच्या जाळ्यांमधून आम्ही असे दम मोजत गेलो. जिथं थांबू तिथं मामा पाच दगड एकावर एक रचायचे आणि कमरेच्या सुतळीला एक गाठ मारायचे. पुढच्या वेळी सदाची गाडी तिथवर नेऊन सोडायची. चालायचं ते त्या खुणेपासूनच, एक पाऊल पुढून नाही. "मधी तुटलं तर मोजणी वाया," ते म्हणत.

निजामाविरुद्धच्या लढ्याच्या धामधुमीत वर्षभर वाटा बंद झाल्या आणि मामांचं चालणंही. निजामाचं राज्य गेल्यावर पुन्हा निघालो तेव्हा ते फार उतरले होते. तुळजापूरच्या अलीकडं एका खड्या चढणीच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. मामांनी पाच दगड रचले, गाठ मारली. पुढच्या खेपेला ते गाडीत डोळे मिटून पडले होते, ओठ काळे पडलेले. ऊन तापत होतं. मी सदाला हळूच म्हणालो, गाडी वळसा घालून वर घे. आणि मी पुढं धावत गेलो, माथ्यावर पाच दगड रचले.

मामा उतरले. वाकून सगळ्यात खालचा दगड जरा उचलून पाहिला.

"हितंच का रं?"

"इथंच, मामा."

एक, दोन, तीन... ते मोजत चालू लागले.

नळदुर्गाचा किल्ला समोर आला त्या दिवशी माझेच डोळे भरून आले. "झालं, मामा. सगळं चाललात तुम्ही." ते बुरुजाकडं बघत म्हणाले, "थोडं ऱ्हायलंय अजून." मला वाटलं, म्हातारपणचं बोलणं.

मामांचे दिवस झाल्यावर मामींनी ती सुतळी माझ्या हातात दिली. चाचपून बघताना आठव्या आणि नवव्या गाठीच्या मध्ये एक निळी गाठ लागली. लुगड्याच्या काठाचा धागा होता.

"हे काय, मामी?"

"त्या चढणीची. नळदुर्ग झाल्यावर मला घिऊन गेले. चौदा दम. म्या मोजले. सुतळीला जागा नव्हती, म्हनून माझाच धागा बांदला."

"त्यांना कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? म्हैनाभर ठिवलेल्या दगडाखालचं गवत पिवळं पडतंय. तुज्या दगडाखालचं हिरवंगार."

मी खाली मान घातली. त्या चढणीनंच त्यांचे दिवस कमी केले का, हे विचारायचं धाडस झालं नाही. मामींनीच ते ओळखलं असावं. "लई सुखानं उतरले रं खाली. म्हनले, बाळूला सांगू नगं. पोरगं दमलं हुतं, म्हनून केलं त्यानं."

सुतळी आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. वह्या तपासून थकलो की मी ती हातात घेतो, आणि बोट दर वेळी त्या निळ्या गाठीशी अडतं. इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो, की दगड वर रचले ते मामांसाठी. शाळेचा आठवडा उरकून, रविवारी पुन्हा दर शंभर पावलांनी थांबायला मी त्या उन्हात आलो होतो. ती चढण बघून दमलो होतो तो मीच.