वेशीबाहेरचं बिऱ्हाड

टेम्पोत आधी तांदूळ चढले, मग कोंबड्या, मग आई. गावपळण होती. मालवणजवळच्या आमच्या गावची ही जुनी रीत: दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळा गाव, गुराकुत्र्यांसकट, वेशीबाहेर जाऊन राहतो. परतायचं तेही देवाने कौल दिल्यावरच. शेजारच्या हसनचाचांचं घरही पिढ्यान्‌पिढ्या निघतं. गाव सगळ्यांचा, तर बाहेर पडणंही सगळ्यांचं.

हे का सुरू झालं, कुणालाच धड ठाऊक नाही. कुणी साथीचा रोग सांगतं, कुणी म्हणतं त्या दिवसांत गावात राहायची पाळी भुतांची. वडील म्हणायचे, "जमीन पडीक ठेवतत मां? तसो गाव." लहानपणी मला त्यातली फक्त मजा कळायची. खाडीकाठी झावळ्यांची खोपी, तीन दगडांची चूल, शाळेला बुट्टी. आता झावळ्यांच्या जागी ताडपत्री आली, मोबाइल चार्ज करायला सोलर आलं. गावातच राहिलेल्यांना हा बदल जाणवलाही नसेल. आम्ही पुण्या-मुंबईचे मात्र फोटो काढत फिरतो, पाहुण्यांसारखे.

वडील गेल्यापासून आई एकटी, त्यात गुडघ्यांनी दगा दिलेला. तिला पुण्याला न्यायचं मी ठरवलंच होतं. खोपीत बसल्या बसल्या वाटलं, घर आवरून झालंय, बोचकी बांधलेलीच आहेत, मग परत कशाला? इथूनच रिक्षाने कुडाळ, तिथून गाडी. तिला तसं सांगितलं. तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला.

"तुझो बापूस घराकडसून गेलो," ती म्हणाली. "माका अशी वाटेवरसून नेव नको. आधी घरात जातलंय. मगे खंय नेतलंस थंय ने."

मला रागच आला. म्हातारपणी हट्ट वाढतो, असं मनात म्हटलं.

कौल झाला, आम्ही परतलो. दार उघडण्याआधी ती अंगणात उभी राहिली. सुपाऱ्या पडल्या होत्या, धुळीत मुंगसाची पावलं होती, पायरीवर वाळवीने मातीची रेघ ओढली होती. एवढ्या थोड्या दिवसांत! जन्मभर ज्या अंगणातून आलो-गेलो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आईने झाडू घेतला. अंगण झाडलं, चूल पेटवली, पेज केली. दुसऱ्या दिवशी, निघूया आता, असं तीच म्हणाली.

पुण्यात ती आता तीन वर्षं तिसऱ्या मजल्यावर आमच्याबरोबर राहते. बाल्कनीत कढीपत्ता लावलाय, लिफ्टची भीती गेलीय, सुनेशी पटतं. आई रुळली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. परवा हसनचाचांचा फोन आला की गाव पुन्हा बाहेर निघतोय. मी आईला म्हटलं, बरं झालं, यंदा तुला दगदग नाही.

"आपण भायरच आसव," ती म्हणाली. "परत येवचो कौल झालो काय माका सांग."

मी हो म्हटलं. तेव्हापासून चाचांच्या फोनची वाट बघतोय. दोघंही.