जिन्यालगतचा थांबा

"साहेब, तू चालून बघितलास काय?" कुठलाही नकाशा समोर आला की मावशींचा हा पहिला सवाल. मग त्या कागद फिरवून दर्या आपल्या पाठीमागे घेत. उत्तर-दक्षिणेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मावशी अर्नाळ्याच्या. रोज सकाळी एसटीनं आगाशीवरून विरारला यायच्या आणि मासळीची पाटी घेऊन पुढे गाडीनं बोरिवलीला जायच्या. नव्वदीच्या अखेरीस मी विरार स्टेशनभोवतीच्या वाढीचा आराखडा काढणाऱ्या कचेरीत होतो. स्टेशन मध्यभागी धरून मी कंपासनं एक गोल काढला होता, दहा मिनिटांत पायी गाठता येईल एवढा. घरं, बाजार, बसथांबा, सगळं त्या गोलात. स्टेशनच्या जिन्यालगतच्या कोपऱ्यावर दुकानं आणि थांबा तलावापलीकडे. कचेरीतल्या माझ्या साहेबांनी पाठ थोपटली. मीही जरा फुगलोच.

आराखडा लोकांसाठी भिंतीवर लावला, तेव्हा मावशी आल्या. थांब्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मधी तलाव हाय. मी काय पान्यातून जाऊ?"

"वळसा घालायचा, मावशी. पाच मिनिटं जास्त."

"चल तर मंग."

थांब्याच्या जागी जाऊन त्यांनी पाटी माझ्या डोक्यावर दिली. आत सुरमई होती की बोंबील, ते मला विचारू नका. मानेवरून पाणी ओघळायला लागलं की तेवढी बुद्धी शिल्लक राहत नाही. तलावाचा वळसा, मग कुंपण, मग उघडं गटार. जिन्यापाशी पोहोचलो तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. मावशी आधीच येऊन पायरीवर बसल्या होत्या.

"आता काढ तुझा गोल," त्या म्हणाल्या.

कचेरीत जाऊन मी तो खोडला. साहेबांना रुचलं नाही. त्यांना तो कोपरा दुकानांसाठीच हवा होता. लोकांच्या हरकतींवरच्या सुनावण्या लांबल्या. एक पावसाळा गेला, दुसरा आला. मावशी दर सुनावणीला मासळी विकून, धुतलेलं लुगडं नेसून हजर. बरोबर गावातल्या पाच-सहाजणी. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी चिवट बाई असेल.

एकदा साहेब वैतागले. "बाई, तेच तेच किती वेळा सांगणार?"

"तू थांबा हलवशील तवर."

मला हसू आवरेना, म्हणून मी फायलीत डोकं घातलं. पण त्या दिवशी स्वतःची लाजही वाटली. पुढच्या सुनावणीत मीच उठलो आणि बावीस मिनिटांची हकीकत सगळ्यांसमोर सांगितली. साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

थांबा अखेर जिन्याला लागून झाला. पहिली बस यायची त्या सकाळी मी मुद्दाम गेलो. मावशी उतरल्या नाहीत. त्यांची सून उतरली, डोक्यावर पाटी घेऊन.

"मावशी कुठं?"

"गेली ती. गनपतीच्या आधी," ती चालता चालताच म्हणाली.

तिला थांबवून सासूचं खूप काही सांगावंसं वाटलं. पण फलाटावर तिची गाडी लागली होती. मी बाजूला होऊन तिला वाट दिली.