वीतभर खाली

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण एक अट आहे. आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही! झाशीत जन्मलो, इथेच वाढलो, सरकारी कचेरीत बडे बाबू झालो, चार माणसं सल्ला विचारायला येतात. आणि माझी फजिती कुठे झाली? माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच तोंडामुळे.

सिपरी बाजारच्या मागे दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. आधीचा मालक बहुतेक सहा फुटी असावा, कारण स्वयंपाकाचा ओटा त्याने स्वतःच्या मापाने बांधून घेतला होता. आमची शैला जेमतेम पाच फूट. ती पाटावर उभी राहून फोडणी द्यायची. लोक पाटावर बसून जेवतात, आमच्याकडे पाटावर उभं राहून रांधायचं! एकदोन नाही, बावीस वर्षं.

"अहो, हा ओटा वीतभर खाली घ्या ना," ती म्हणायची.

आता माझं अर्थशास्त्र ऐका. बाजार तेजीत असला की मी म्हणायचो, "आत्ता? सिमेंटचे भाव बघितलेस का?" आणि बाजार पडला की म्हणायचो, "आत्ता? मंदीत कुणी शहाणा माणूस काम काढतो का?"

"मग काढायचं तरी कधी?"

"मंदी संपायच्या आदल्या दिवशी. तेव्हा सगळं स्वस्त असतं." आता तो आदला दिवस नेमका कोणता हे पेपरात छापून येत नाही, यात माझा काय दोष?

मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्या, त्या वर्षाची गोष्ट. तिकडे बँका पडल्या आणि इकडे शैला. डाळ ढवळताना पाट सरकला, पाय मुरगळला, घोटा हा एवढा सुजला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलोच. आठ दिवस स्वयंपाक मी केला. त्या आठ दिवसांत मला मंदी संपत आल्याची स्पष्ट लक्षणं दिसू लागली.

मिस्त्री शोधला. लखन त्याचं नाव, इथल्याच एरच गावाकडचा, पस्तिशीचा, अगदी मितभाषी. म्हणाला, "बाहर काम करत हते बाबूजी. मंदी में सब बंद हो गओ, सो घर लौट आए." बाहेर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मिस्त्री रिकामा आहे, एवढं मला पुरे होतं.

इथे तुम्हाला आमची एक आतली गोष्ट सांगायला हवी. झाशीत आम्ही मराठी माणसं मूठभर. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आले आणि इथलेच झाले. घराबाहेर सगळी हिंदी, नाहीतर बुंदेली. पोरांना मराठीत विचारावं तर उत्तर हिंदीत येतं. पण मराठीचा एक उपयोग आम्ही जिवापाड जपलाय, तो म्हणजे घासाघीस! भाजीवाल्यासमोर, कापडवाल्यासमोर आमची मराठीत खुशाल खलबतं चालतात. त्या बिचाऱ्याला काय कळणार?

लखनने सगळीकडे माप घेतलं, चहाचा कप हातात घेतला आणि मजुरी सांगितली, तीस हजार. मी चेहऱ्यावर गोड हसू ठेवलं आणि शैलाला मराठीत म्हटलं, "गप्प राहा. रिकामा बसलाय, पोटाला चिमटा बसलाय त्याच्या. चार दिवस लटकवला की पाया पडत येईल. तसं पंचविसापर्यंत आपल्याला परवडतं." मग वळून हिंदीत, "लखन भैया, सोचकर बताएँगे."

लखनने कप खाली ठेवला. "पच्चीस में कर दैहैं बाबूजी. ऊसें कम नईं."

अहो, काय सांगू, माझी छाती शर्टात मावेना! नेमके पंचवीस! "बघितलंस?" मी शैलाला म्हटलं. "समोरच्याच्या मनातलं ओळखता यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मी लखनला कामाचा क्रम सांगितला. आधी बैठकीत नवी फरशी, कारण पाहुणे बसतात ते बैठकीत. स्वयंपाकघरात नुसता रंग. ओटा पुढच्या खेपेला, भाव आणखी उतरले की. तोपर्यंत शैलासाठी मी नवा पाट आणला होता, खाली रबर ठोकलेला. मला वाटलं होतं ती खूश होईल.

"प्लेटफॉर्म को हाथ नहीं लगाना," मी लखनला बजावलं.

"हओ बाबूजी."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. दारात लखन वाळू चाळत होता. शैला म्हणाली, "सगळं घर चकाचक होणार, आणि मी आपली परत पाटावर. फार नको हो, वीतभर खाली आला असता तरी झालं असतं." मी पान उलटलं.

संध्याकाळी कचेरीतून येऊन बघतो तर काय, ओटा जमीनदोस्त!

"अरे लखन! ये क्या किया?"

"भीतर सें पोलो हतो बाबूजी. कभऊँ भी गिर जातो." आतून पोकळ निघाला म्हणे! आता पोकळ ओट्याशी कोण भांडणार? नवा बांधला, तर तो बरोबर एक वीत खाली. मी कपाळावर हात मारला. मग लखनकडे बघून छान हसलो आणि शैलाला म्हटलं, "ठोंब्या आहे नुसता, माप घेता येत नाही. ती काजूची बिस्किटं आत ठेव, याला साधी दे." आणि हिंदीत, "भैया, चाय और लोगे?"

पुढे हे वाढतच गेलं. शैला एकदा म्हणाली, बरण्यांना हाताशी फळी हवी होती. दुसऱ्या दिवशी फळी हजर! म्हणाली, भांडी घासताना खिडकीतून बाहेर दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांत सिंक खिडकीखाली गेलं, का तर जुना पाइप गंजला होता! मी हिंदीत घसा फोडून बैठक, बैठक म्हणतोय, तो "हओ बाबूजी" म्हणतोय, आणि बैठकीत वाळूचा ढीग तसाच.

मला संशय आला. शैलाला गाठलं. "तू फितवलंयस त्याला!"

"मी? मी त्याला काही सांगतच नाही. सगळं तुम्हालाच तर सांगते, तुमच्या समोर."

हेही खरंच होतं. मी कचेरीत जाऊन सांगितलं, की आमच्या मिस्त्रीला कसली तरी सिद्धी आहे, बाईमाणसाच्या मनातलं त्याला आपोआप कळतं. दोघांनी त्याचा पत्ताही मागितला!

शेवटी एकदाची बैठकीत फरशी बसली. काम संपलं, हिशेब चुकता झाला. घर खरोखर देखणं झालं होतं, म्हणून मीही उदार झालो. म्हटलं, "लखन भैया, आज काजूवाले बिस्कुट खाओ."

"राहू द्या काका. काजूची आतच ठेवा, मला साधी चालतात."

कोण बोललं? मी आधी रेडिओकडे बघितलं. रेडिओ बंद होता! इतकं स्वच्छ मराठी आमच्या घरात माझ्या वडिलांनंतर कुणी बोललं नव्हतं.

"तुला... तुला मराठी येतं?"

"अकरा वर्षं पुण्यात होतो काका. कोथरूडला बिल्डिंगा बांधत होतो. मंदीत साइट बंद पडली, मग गावी आलो."

पोटाला चिमटा! पाया पडत येईल! ठोंब्या! एकेक वाक्य आठवून मला घाम फुटला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण कशी दुभंगणार? फरशी त्यानेच बसवली होती, आणि चांगली पक्की बसवली होती.

"अरे, मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"तुमचं घरातलं बोलणं चालायचं. बाहेरच्या माणसाने मध्ये कशाला पडायचं? आणि ठोंब्याचं काही नाही काका, पुण्यात आमचे ठेकेदार याहून पुष्कळ म्हणायचे."

"पण ओटा? मी तुला नको म्हटलं होतं ना?"

लखन जरा घुटमळला. "काकू रोज म्हणायच्या, वीतभर खाली हवा. तुम्ही एकदाही त्यांना नाही म्हटलं नाहीत. मला वाटलं, तुमची हरकत नसेल."

नाही म्हणायला आधी ऐकायला नको का? मी स्वयंपाकघरात बघितलं. शैला ओट्यापाशी उभी होती, दोन्ही पाय जमिनीवर. पातेल्यात वाकून डाळ बघत होती, अगदी तळापर्यंत. माझी बायको ओट्याशी अशी सरळ उभी मी पहिल्यांदाच बघत होतो. फार लाज वाटली हो मला. जवळ गेलो आणि म्हटलं, "चुकलं माझं." ती हसली, आणि त्या हसण्याने मला आणखीच मेल्यासारखं झालं.

पण पुरुषाची जात! हार अशी सरळ कशी मानणार? म्हटलं, "ते सगळं ठीक. पण तुला तरी ठाऊक होतं ना, याला मराठी येतं ते?"

"हो. दुसऱ्या दिवशीच. तुम्ही कचेरीत गेल्यावर त्याने मराठीत पाणी मागितलं."

"मग मला सांगायचं नाही? माझी एवढी शोभा होऊ दिलीस?"

"सांगितलं की! त्याच दिवशी, तुम्ही जेवत होता तेव्हा. म्हटलं, अहो, लखनला सगळं मराठी समजतं, जरा जपून बोला."

"मग? मी काय म्हणालो?"

"'हं' म्हणालात. आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणालात."