चार बोटांचा हात

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, आईच्या नाही, आणि ज्यांच्या कानावर घालायला हवं होतं त्यांच्या तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता पोटात ठेवणं जमत नाही म्हणून.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो. मुद्दा टाळतोय असं वाटेल — टाळतोयच. मोठी कंपनी नाही, पाठीशी कुणी नाही, अशी एकटी-दुकटी माणसं आता घरी बसून व्हिडिओ गेम बनवतात. बनवणं सोपं झालंय, दिसणं अवघड. सकाळी तुमचा गेम ऑनलाइन दुकानात लागतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर इतरांच्या गेमची चळत पडलेली असते. त्यात आता नवं दुखणं आलंय, संशयाचं. चित्र हाताने काढलंय की एआयकडून काढून घेतलंय? लोक चित्र बघतच नाहीत हो, आधी बोटं मोजतात. कारण मशीन बोटांत चुकतं, हे सगळ्यांना पाठ झालंय. एकदा का 'एआयचा माल' असा शिक्का बसला, की मग घासून निघत नाही.

मला हे चांगलं माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

नाझिया आणि मी भिवंडीत एकाच कॉलेजात होतो. तिच्या घरचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना, लहानसाच, आणि तिचे वडील, युसूफचाचा, मालक असूनही स्वतः लूमवर उभे राहणारे. आम्ही दोघांनी मिळून गेम बनवायचा ठरवलं. तिला लूमवरचा हवा होता. धागा तुटतो, तो जोडायचा, आणि लूम बंद करायचा की चालूच ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं. खऱ्या कारखान्यातही हेच चालतं. मजुरी कापडाच्या मीटरवर, लूम थांबला की मीटर थांबला, म्हणून लोक चालत्या लूममध्येच हात घालतात. चाचांनीही तरुणपणी तेच केलं होतं. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलं, मुळापासून.

मी तिला म्हणालो, लूमचा गेम कोण खेळणार? लोक डोकं शांत करायला खेळतात, तू त्यांना ड्युटीवर पाठवतेस. आणि मी बाहेर पडलो. काल्हेरच्या गोडाऊनमध्ये नोकरी धरली, आणि उरलेल्या वेळात माझा स्वतःचा गेम केला, ट्रकमध्ये खोकी रचायचा. तो आला आणि गेला. कुणी शिवीसुद्धा घातली नाही. मी बाजाराला दोष दिला, दुकानाला दिला, लोकांच्या आवडीला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मग तिने एकटीने केलेल्या लूमच्या गेमचा डेमो आला, फुकट खेळून बघायचा नमुना.

जेवणाच्या सुट्टीत खोक्यावर बसून मी बघत होतो. परदेशातला कुणीतरी पोरगा तिचा गेम लाइव्ह खेळत होता. लूमची खडखड चालू, धागा तुटलेला, आणि पडद्यावर एक मोठा हात पुढे आला गाठ मारायला. तो पोरगा बोलायचाच थांबला. खाली लोक धडाधड लिहीत होते, हे कुणी काढलंय, कुठलं आहे हे. गेम बाजारात आणणारा एक प्रकाशक तिच्याशी बोलायला लागल्याचं तिनेच मला फोन करून सांगितलं. आनंदाने ओरडत होती. मीही ओरडलो. आणि माझ्या पोटात इतकं दुखलं — खरंच दुखलं, डबा तसाच राहिला.

आता सांगतो.

मी खोट्या नावाने खातं उघडलं. तिच्या गेमच्या पानावर चर्चेची जागा असते, तिथे त्या हाताचं चित्र टाकलं. जिथे बोट नव्हतं तिथे लाल गोल केला. खाली इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं — बोटं मोजा, मशीनने काढलंय.

मला माहीत होतं तो हात कुणाचा आहे. त्या हाताने मला ईदचा शीरखुर्मा वाढला होता. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तो गैरसमज झाला असता. माझ्या बाबतीत त्याला काय म्हणायचं?

मला वाटलं होतं थोडी कुजबुज होईल. दोन दिवसांत तो लाल गोल सगळीकडे फिरत होता. लोक नाझियाला चोर म्हणाले, फसवी म्हणाले. प्रकाशकाने सभ्य भाषेत कळवलं, आधी हे मिटवा, मग बोलू.

मग तिचा फोन आला. चोराच्या मनात चांदणं! तिला कळलं, दुसरं काय असणार? पण ती म्हणाली, ये, चित्रं मीच काढलीत हे दाखवायला मला मदत कर. शुक्रवार होता, कारखाने बंद, रस्त्यावर ती नेहमीची खडखड नव्हती. मी त्यांच्या कारखान्यात तिच्यासमोर जमिनीवर बसून तिची जुनी पेन्सिलची चित्रं लावत होतो. माझ्याच विरुद्धचा पुरावा, माझ्याच हाताने. मान वर न करता ती बोलली, "ज्याने हे लिहिलंय ना सुनील, त्याने अब्बांना कधी बघितलेलंच नाही. बघितलं असतं तर हात धजला नसता लिहायला."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं — आणि मी काय म्हणालो? म्हणालो, चित्रांवर कोण विश्वास ठेवणार, खऱ्या हाताचा फोटो टाक.

युसूफचाचा फोटोत तो हात कधी येऊ देत नसत. नाझियाच्या भावाच्या निकाहाच्या फोटोत तो खिशात आहे. नमाजाहून आले, लेकीने सांगितलं ते ऐकून घेतलं, आणि बंद लूमवर हात ठेवून उभे राहिले. फोटो काढायला फोन माझ्या हातात दिला होता तिने. चाचांनी मला विचारलं, "माझा हात खोटा हाय म्हनतात काय रं लोकं?"

मी म्हणालो, "जरा उजेडात घ्या, चाचा."

फोटो टाकला. काहींनी माफी मागितली. काहींनी लिहिलं की हा फोटोही मशीननेच केलाय. प्रकाशकाने दुसरा गेम घेतला. नाझियाने तिचा एकटीने आणला, थोडे लोक खेळले, आणि ती आता ठाण्यात दुसऱ्यांच्या जाहिराती काढते. नवा गेम करणार का, विचारलं तर विषय बदलते. ते खातं मी पुसून टाकलं. गेमच्या शेवटी आभाराची पाटी येते, तिच्यात पहिलं नाव माझं आहे.

चाचांना वाटतं की त्या दिवशी मी त्यांच्या लेकीच्या पाठीशी उभा राहिलो. आता ते लोकांत हात लपवत नाहीत, म्हणतात, सगळ्या जगाने बघितला, आता कसली लाज. रस्त्यात भेटले की पूर्वी नुसती मान हलवायचे. आता तोच हात पुढे करतात, आणि मी तो हातात घेतो.