बाबा दारापर्यंत आले

भावजी जाऊन महिना होत आला. पुण्याहून फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे कुटत होते. सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, "आई, काका गेले…" मी बत्ता खाली ठेवला.

मल्लिनाथ माझे धाकटे दीर. सिनेमांना संगीत द्यायचे. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा ते शाळेत होते आणि मठातल्या भजनात पेटी वाजवायचे. पुढे नाव झालं, तरी नवा सिनेमा लागला की घरी यायचे, मला थिएटरात न्यायचे आणि पडदा सोडून माझ्याकडेच बघत बसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परत आलो की विचारणार, "वहिनी, लेक सासरी निघाली तिथं मागं काय वाजत होतं?"

"मला कुटं ऐकू आलं? मी रडत हुते की."

"मग जमलं म्हणायचं!" असं म्हणून ते तोंडभर हसायचे. त्यांचं सिनेमातलं संगीत असंच होतं. पंगत बसलेली असावी आणि मागून कुणीतरी गुपचूप तांब्या भरून ठेवावा, तसं.

मग त्यांनी नुसत्या पेटीचं रेकॉर्डिंग काढलं. ना सिनेमा, ना गाणं. मी विचारलं, "ह्याचं चित्र कुटं हाय?" म्हणाले, "चित्र तुमी लावायचं." त्यातलं शेवटचं ऐकताना मला माझं माहेर, होटगी दिसलं. माझे बाबा रेल्वेत गँगमन. संध्याकाळी कंदील घेऊन रुळाच्या कडेनं घरी यायचे. मी चौथीत असताना एक दिवस कामावर गेले ते आलेच नाहीत. माझी शाळाही तिथंच सुटली. पेटी लागली की बाबा लांबून येताना दिसायचे, आणि जवळ आले की वाजणं संपायचं. भावजी दर खेपेला विचारायचे, "काय दिसलं?" मी म्हणायची, "सांगीन की." दिरापुढं जीभ उचलायची नाही.

दिवाळीनंतर ते आले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. माजघरात भिंतीला टेकून म्हणाले, "अत्तिगे, आता तरी सांगा. त्या पेटीबद्दल कुणी एक अक्षर बोललं न्हाय. का मी उगाच वाजवलं?" वहिनीला कानडीतली ही हाक ते जीव लावून मारत. मी सगळं सांगितलं. आणि मीच धीर करून म्हणाले, "पण बाबा दारापर्यंत येत न्हाईत, भावजी. तुमी आदीच थांबता."

ते म्हणाले, "पेटी आणा इकडं."

त्यांच्या हातात जोर नव्हता, म्हणून भाता मी हलवला. जिथं संपायचं तिथून त्यांनी पुढं वाजवायला घेतलं.

"कुटवर आले?"

"पेरूच्या झाडापाशी."

"आता?"

"अंगणात…"

शेवटचा सूर त्यांनी धरून ठेवला. मीही भाता थांबवला नाही.

"आले?"

"व्हय. आले."

ते कुणी टिपून घेतलं नाही. पेटी अजून माजघरातच आहे. मला वाजवता येत नाही. संध्याकाळी सूनबाई मोबाईलवर ते आधीचं रेकॉर्डिंग लावून देते. संपलं की मोबाईल उचलायला येते. मी म्हणते, "थांब जरा." बाबा तेव्हा झाडापाशी पोचलेले असतात. ते अंगण ओलांडतात, उंबऱ्यावर कंदील टेकवतात, मग मी उठते.